शितावरून भाताची परीक्षा

सुट्टीत गावी गेलो की आई शेजारणींना सांगते, "हा दुबईला मशीनवर असतो." दुबई नव्हे, खोर फक्कान, हे सांगून मी दमलो. शारजाहून बोगदे ओलांडत आलात की डोंगर संपतात आणि समोर ओमानचं आखात येतं. बंदराला लागलेल्या जहाजांचे बिघडलेले भाग आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये येतात.

मुलीने विचारलं, "बाबा, मशीनला माप कसं कळतं?" बोट लावून, मी म्हटलं. त्या बोटाला टच प्रोब म्हणतात. काडीच्या टोकाला माणकाची लाल गोळी असते. ती भागाला टेकली की आतलं विजेचं मंडल बदलतं आणि मशीन त्या क्षणाची जागा टिपतं. १९७२ साली रोल्स-रॉइसमधल्या डेव्हिड मॅकमर्ट्रीने काँकॉर्डच्या इंजिनातल्या नळ्या मोजण्यासाठी हे शोधलं. भाग मशीनवरून न उतरवता मोजता येतो, हा मोठा फायदा. एकदा उतरवलेला भाग पुन्हा तसाच बसवणं म्हणजे डोकेदुखी.

प्रोब निवडताना लोक किंमत बघतात. मी काडी बघतो. काडी जितकी आखूड आणि ताठ तितकं माप खरं. लांब काडी वाकते, तीही प्रत्येक दिशेला सारखी नाही. ॲल्युमिनियम माणकाला चिकटतं, तिथे गोळी सिलिकॉन नायट्राइडची घ्यावी.

शिवाय इथला उन्हाळा. मापं २० अंशांवरची धरतात. ३०० मिलिमीटरचा पोलादी भाग ४० अंशांवर सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढलेला असतो. म्हणून ठरलेल्या मापाची पोलादी रिंग भागाशेजारीच तासन्‌तास ठेवतो आणि आधी तिला बोट लावतो.

गेल्या उन्हाळ्यात एका पंपाचं बेअरिंग-घर आलं. वेल्डिंगने भरलेलं भोक पुन्हा बोअर करायचं होतं आणि जहाज सकाळी सुटणार होतं. प्रोबचा प्रोग्रॅम आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. ही आमची रंगीत तालीम. पडद्यावर काडी कुठेच अडली नाही. पण ऐनवेळी आखूड बोल्ट सापडेना म्हणून मीच क्लॅम्पला लांब बोल्ट लावला होता, आणि तालमीत तो नव्हता! त्यात एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाताना, अडलं तर थांबणारी चाल न देता मी साधी जलद चाल दिलेली. टक्क आवाज झाला. काडीची मान मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते म्हणून ती तुटली आणि प्रोब वाचला.

सुटी काडी होती ती दुप्पट लांब. रात्री अकराला रिंगवर प्रोब नव्याने जुळवला. तीन बिंदू घेतले, माप बरोबर. पण कुठल्याही तीन बिंदूंतून वर्तुळ जातंच! एका शिताने भात कळतो, भोक कळत नाही. क्लॅम्प सैल करून आठ बिंदू घेतले, तर भोक ०.०४ मिलिमीटरने लंबगोल. आवळण्याने भाग पिळला गेला होता. शेवटचा काप शिल्लक होता हे नशीब. हलके आवळून तो घेतला, पुन्हा आठ बिंदू. या वेळी गोल.

पहाटे घर बंदरात पोचवलं. आता तालीम पाहण्याआधी मशीनवरच्या क्लॅम्पचा फोटो काढतो आणि पडद्याशेजारी धरतो.

तुटलेली काडी मुलीने मागून घेतली. लाल गोळी तिच्या कंपासपेटीत आहे.