झांकलेला अग्नि आणि छायाचित्रकार



‘आगगाडी’ हा आपला शब्द डोळ्यांनीं पाहून घडविलेला आहे. भट्टींतील ज्वाळा, धुराचा लोट आणि वाफेचा फूत्कार ज्यानें पाहिला, त्याला या गाडीचें बळ कोठून येतें हें निराळें सांगावें लागत नसे. छायाचित्र घेणारासहि हीच सोय होती. वाफेचें एंजिन आपली शक्ति आपणच दाखवीत असे. डीझेल एंजिनाची गोष्ट वेगळी. बाहेरून पाहावें तों रंगविलेली एक लांबट पोलादी पेटी आणि तिच्या पोटांत चाललेली घरघर! अग्नि येथेंहि आहे. पण तो झांकलेला आहे. मग त्याचें चित्र घ्यावें कसें?

आधीं ही पेटी उघडून पाहूं. आंतील सिलिंडरांत दट्ट्या हवेस इतक्या जोरानें दाबतो कीं ती अतिशय तापते. तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें ठिणगीवांचून पेटतें व दट्ट्यास मागें रेटतें. या रेट्यानें विजेचें जनित्र फिरतें, आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी आंस व चाकें फिरवितात. थोडक्यांत, हें चाकांवर बसविलेलें एक वीजघरच होय. गाडी ओढण्यासाठीं यास बाष्पपात्र लागत नाहीं; अर्थात् कोळसा ओढणें, राख काढणें, बाष्पपात्रांतील कीट धुणें हीं कामेंहि उरत नाहींत. अमेरिकेंतील सांता फे रेल्वेचा मार्ग अॅरिझोना व कॅलिफोर्निया येथील वाळवंटांतून जात असे. तेथें वाफेच्या एंजिनांसाठीं पाणीसुद्धां गाड्यांनीं वाहून न्यावें लागे. अशा रेल्वेला हें नवें एंजिन वरदानच वाटलें असल्यास नवल नाहीं.

याच मार्गानें मार्च १९४३ मध्यें जॅक डिलानो नांवाचा छायाचित्रकार शिकागोहून कॅलिफोर्नियास गेला. त्याचा जन्म १९१४ सालीं युक्रेनमध्यें झाला होता व तो लहानपणींच अमेरिकेंत आला होता. दुसरें महायुद्ध चालू होतें, आणि देशाच्या रेल्वे कसें काम करीत आहेत हें लोकांस दाखविण्यासाठीं सरकारनें त्यास पाठविलें होतें. न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्की या गांवीं त्यानें घेतलेलीं दोन रंगीत चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत.

पहिलें चित्र रेल्वेच्या कारखान्यांतील लोहारशाळेचें. वाफेच्या प्रचंड घणाखालीं गाडी ओढण्याचा जाड दांडा ठोकून घडविला जात आहे. दुसरें चित्र स्टेशनांतील ‘सुपर चीफ’ या डीझेल गाडीचें. तिची देखभाल चालू आहे, आणि चित्राखालच्या टिपणांत लिहिलें आहे कीं, या कामास अवघीं पांच मिनिटें लागतात. एकाच गांवांत, एकाच महिन्यांत घेतलेलीं हीं चित्रें. पण एकांत मावळता काळ आहे व दुसऱ्यांत उगवता.

असें चित्र घेणें त्या काळीं सोपें नव्हतें. रंगीत फिल्म फार मंद असे, म्हणजे तिच्यावर ठसा उमटण्यास पुष्कळ प्रकाश लागे. कारखान्याच्या अंधाऱ्या छपराखालीं कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागे; तेवढ्यांत जो हलेल तो पुसट होई. परंतु या अडचणीचाहि डिलानोनें उपयोग करून घेतला. कॅलिफोर्नियांत, युद्धामुळें दिव्यांवर वरून झांपण घातलेल्या एका यार्डाचें त्यानें रात्रीं चित्र घेतलें. त्यांत एंजिनांच्या दिव्यांच्या जाड रेघा उमटल्या आहेत, आणि त्यांच्यामधून सांधेवाल्यांच्या हातांतील कंदिलांच्या बारीक रेघा गेल्या आहेत. माणूस चित्रांत दिसत नाहीं. पण तो कोठून कोठें चालत गेला तें दिसतें.

येथेंच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. यंत्रानें आपला अग्नि झांकला, तर छायाचित्रकारानें त्याच्याभोंवतीं राबणारे हात शोधावे. पेटीचें झांकण उघडतें तें दुरुस्तीच्या कारखान्यांत. यंत्राचें अंतरंग व माणसाचें कौशल्य हीं दोन्हीं तेथेंच एका नजरेंत येतात.

आणि हे हात कायम राहत नाहींत. पांच मिनिटांत सज्ज होणाऱ्या एंजिनास पूर्वीइतके लोहार व बाष्पपात्र घडविणारे कारागीर कशाला लागतील? १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील वाफेचीं एंजिनें झपाट्यानें निघून गेलीं, आणि आल्बुकर्कीच्या कारखान्यांतील काम ओसरलें. ज्या लोहारशाळेंत तो घण पडत असे, तेथें २०१४ सालीं बाजार भरूं लागला. नव्या एंजिनास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें काजळी व कष्ट दोन्हीं कमी केले. परंतु ज्यांचें कसब एका पिढींत निरुपयोगी झालें, त्यांची साक्ष त्या चित्रावांचून कोण देणार?

मुलांनों, तुमच्यापैकीं कोणाचे वडील अथवा आजोबा कारखान्यांत, छापखान्यांत किंवा मागावर खपले असतील. परवानगी घेऊन त्यांचें चित्र काढा. पण नव्या कपड्यांत भिंतीशीं उभे करून नव्हे, तर हातांत हत्यार असतांना, बाजूनें प्रकाश येत असेल तेव्हां. आणि चित्राच्या पाठीमागें दिवस, स्थळ व चाललेलें काम लिहून ठेवा. डिलानोच्या चित्राखालीं तें टिपण नसतें, तर त्या पांच मिनिटांचा अर्थ आज आपणांस कळला नसता.