न दिसणाऱ्या द्रव्याचे तापमान

विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकावर आम्ही ‘थंड कृष्णद्रव्य’ असे शब्द लिहिले, तेव्हा आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “जे दिसतच नाही, त्याला थर्मामीटर लावला कोणी?” प्रश्न रास्त आहे. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्याचे उत्तर मावणारे नव्हते, म्हणून हा लेख.

प्रथम कृष्णद्रव्याविषयी थोडेसे. अरुंधतीकेश तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांच्या लक्षात आले की, त्यातील दीर्घिका फार वेगाने फिरत आहेत; दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र बांधून राहणे शक्य नाही. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या कडेचे वायूचे ढगही अपेक्षेपेक्षा वेगाने फिरताना आढळले. म्हणजे प्रकाश न देणारे, प्रकाश न अडवणारे, पण ओढ असणारे काहीतरी तेथे आहे. आजच्या मोजमापानुसार अणूंचे बनलेले आपले ओळखीचे द्रव्य विश्वात सुमारे ५ टक्के, तर कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आहे. उरलेल्या कृष्णऊर्जेचा विषय वेगळा.

आता तापमान. वायूचे तापमान म्हणजे त्याच्या कणांच्या धावपळीचे माप, हे विद्यार्थ्यांनी वाचलेले आहेच. कृष्णद्रव्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ ‘थंड’ व ‘उष्ण’ हे शब्द याच अर्थाने वापरतात. विश्वाच्या बाल्यात त्याचे कण प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत असतील तर ते उष्ण, त्या मानाने अगदी सावकाश फिरत असतील तर थंड. हाताला चटका किंवा गारवा लागण्याशी याचा संबंध नाही. आज आपल्या आकाशगंगेत हे ‘थंड’ कणही सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने फिरत असावेत, असे गणित सांगते! हा वेग त्यांना नंतर, आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणामुळे मिळाला. जन्मतः ते मंदच असावे लागतात.

पण पूर्वीचा वेग आज कळणार कसा? तो दीर्घिकांच्या मांडणीवरून कळतो. आरंभी विश्वात द्रव्य जवळजवळ सारखे पसरलेले होते. कोठे किंचित दाट, कोठे किंचित विरळ. दाट जागा गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढून घेतात आणि तेथे दीर्घिका तयार होतात. कण फार वेगवान असतील तर ते लहान दाट जागांमधून निसटून जातात आणि त्या जागा पुसल्या जातात. अंगणातल्या रांगोळीवरून वारा फिरला की बारीक ठिपके आधी जातात, मोठ्या आकृतीचा ठसा तेवढा राहतो, तसेच हे. अशा विश्वात आधी प्रचंड समूह बनले असते आणि मग ते फुटून एकेक दीर्घिका. थंड कणांच्या विश्वात क्रम उलटा: आधी लहान, मग त्यांच्या मिलनातून मोठे.

उष्ण बाजूचा उमेदवार होता न्यूट्रिनो. हा कण खरोखरच आहे आणि विश्वात तो अगणित संख्येने आहे, त्यामुळे त्याच्यावर अनेकांची भिस्त होती. १९८३ मध्ये सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक व मार्क डेव्हिस यांनी संगणकावर न्यूट्रिनोंचे विश्व उभे करून पाहिले. ते प्रत्यक्ष आकाशाशी जुळेना. दीर्घिकांचे पुंजके फारच मोठे होत होते. शिवाय निरीक्षणे सांगत होती की दीर्घिका जुन्या आहेत आणि त्यांचे मोठे समूह अजून घडत आहेत. जर्मनीतील कात्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या मर्यादेनुसार न्यूट्रिनोचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. एवढ्या हलक्या कणांनी कृष्णद्रव्याचा हिशेब पुरा होत नाही. आपली आकाशगंगा, तिच्यातला सूर्य आणि त्याच्याभोवतीची पृथ्वी वेळेवर घडली, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या थंडपणाला आहे.

मग प्रश्न मिटला का? पूर्ण नाही. १९९९ च्या सुमारास संगणकी गणिते सांगू लागली की, कृष्णद्रव्य थंड असेल तर आकाशगंगेभोवती शेकडो लहान सोबती हवेत. तेव्हा माहीत होते जेमतेम डझनभर. म्हणून काहींनी ‘कोमट’ कृष्णद्रव्याची कल्पना पुढे आणली: वेग मधला, त्यामुळे फक्त अगदी लहान दाट जागा पुसल्या जाव्यात. आम्हांला हा शब्द फार आवडला. विश्वशास्त्रात न्हाणीघरातले पाणी आल्यासारखे वाटते. २००५ नंतरच्या सर्वेक्षणांत मात्र एकामागून एक अंधुक सोबती सापडत गेले आणि आज त्यांची संख्या साठाच्या वर आहे. ज्या छोट्या पुंजक्यांत तारे पेटलेच नाहीत, ते तर दुर्बिणीला दिसणारच नाहीत. त्यामुळे कोमटपणाला वाव आता कमी उरला आहे, पण तो संपलेला नाही.

कृष्णद्रव्याचा प्रत्यक्ष कण अजून कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. चिलीतील पर्वतावर उभारलेल्या, व्हेरा रुबिन यांचेच नाव दिलेल्या वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. आकाशगंगेचे आणखी अंधुक सोबती शोधणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. ते किती निघतात, यावरून थंड की किंचित कोमट, हे अधिक नेमके सांगता येईल.