परदेशचें आकाश आणि आपलें ड्रोन

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे एकत्र कुटुंबांत प्रवासाचे बेत शिजूं लागतात. पूर्वीं हे बेत कोंकणांतील आजोळापर्यंत, किंवा फार झालें तर काशी-रामेश्वरापर्यंत जात. आतां घरोघरचे मुलगे-पुतणे सातासमुद्रांपलीकडे स्थायिक झाले असल्यामुळें ते म्युनिच, लंडन, सिंगापूर येथपर्यंत जातात. सामानहि त्याप्रमाणें बदललें आहे. लोणच्याच्या बरणीशेजारीं मुलांच्या पिशवींत एक चार पंख्यांचें लहानसें उडतें यंत्र असतें. त्याला सर्व जण ड्रोन म्हणतात, व आम्हीहि तोच शब्द वापरणार आहों. या यंत्राच्या कायद्यांविषयीं चार शब्द लिहावे, असें आमच्या घरीं घडलेल्या दोन प्रसंगांवरून आम्हांस वाटलें.

पहिला प्रसंग २०२३ सालचा. आमचे धाकटे बंधू परदेशांतून परततांना मुलासाठीं एक ड्रोन विकत घेऊन आले. पावती जवळ होती, किंमत उघड सांगितली होती, कर भरण्याचीहि तयारी होती. परंतु विमानतळावरील अधिकाऱ्यांनीं तें ठेवून घेतलें, आणि घरीं वाट पाहत बसलेल्या मुलाच्या हातीं नुसता जप्तीचा कागद आला. बंधू कित्येक दिवस संतापलेले होते. पुढें आम्हीं नियम मिळवून वाचले, तेव्हां दोष आपलाच होता असें दिसून आलें. भारत सरकारनें ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं परदेशी बनावटीचीं तयार ड्रोनें आयात करण्यास मनाई केली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढ्यांपुरताच तींत अपवाद ठेवला. चुलत्यानें प्रेमानें आणलेली भेट त्या अपवादांत बसत नाहीं. तेव्हां बाहेर स्वस्त मिळतें म्हणून ड्रोन घेऊन येण्याचा मोह कोणींहि धरूं नये, ही या लेखांतील पहिली सूचना समजावी.

दुसरा प्रसंग गेल्या २०२५ च्या मे महिन्यांतला. म्युनिच येथें राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें सर्वांस बोलाविलें होतें. आमचा नातू त्या वेळीं पंधरा वर्षांचा. येथेंच घेतलेलें त्याचें ड्रोन आल्प्स पर्वतावर उडवावयाचें, हें त्यानें सहा महिने आधींच ठरवून टाकलें होतें. आम्हीं कायद्याची गोष्ट काढतांच तो म्हणाला, "आजोबा, हें दोनशें एकूणपन्नास ग्रॅमचें आहे. अडीचशेंच्या आंत असलें कीं कसलाच कायदा लागत नाहीं!" घरांतील मंडळीनींहि त्याचीच बाजू घेतली. "पोराचें खेळणें तें, त्याला कसला आला आहे परवाना?" असा त्यांचा निकाल. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्याची आमची खोड. आम्हीं म्हटलें, उत्तर बरोबर कीं चूक तें मूळ पुस्तक पाहून ठरवूं.

मूळ पुस्तक पाहूं जातां पहिलें आश्चर्य असें कीं, हा कायदा वाटतो तितका नवा नाहीं. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें अनेक राष्ट्रांनीं विमानवाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राची पूर्ण सत्ता आहे, हें त्याच्या पहिल्याच कलमांत मान्य केलें असून, चालकावांचून उडणारें विमान दुसऱ्या राष्ट्रावरून त्याच्या खास परवानगीखेरीज उडूं नये, असें आठव्या कलमांत आहे. म्हणजे आपण परक्या देशांत जमिनीवर जसे पाहुणे, तसे त्याच्या आकाशांतहि पाहुणेच. यजमानाचे नियम पाळणें हा केवळ दंडाच्या भीतीचा प्रश्न नसून शिष्टाचाराचाहि आहे.

युरोपीय संघाचे सामाईक नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. त्यांतील पहिला प्रश्न वजनाचा. यंत्र २५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर तें चालविण्याची जबाबदारी घेणाऱ्या मनुष्यानें आपलें नांव नोंदविलेंच पाहिजे. येथवर नातवाचें म्हणणें खरें होतें. परंतु दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, आणि बहुतेक लोक फसतात ते येथेंच. यंत्रावर माणसांचीं चित्रें टिपूं शकणारा कॅमेरा असेल, आणि तें कायद्याच्या व्याख्येप्रमाणें खेळणें नसेल, तर वजन कितीहि कमी असो, नोंदणी करावीच लागते. वजनाचा नियम डोकें फुटूं नये म्हणून आहे. कॅमेऱ्याचा नियम दुसऱ्याच्या घरांत डोकावलें जाऊं नये म्हणून आहे. दोन नियमांचे हेतु निरनिराळे असल्यामुळें एकांतून सुटलेला दुसऱ्यांतून सुटत नाहीं. नातवानें हें दोनदां वाचलें व तो गप्प बसला.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, नोंद यंत्राची नसून त्याची जबाबदारी घेणाऱ्या मनुष्याची होते. एकाच नांवावर दोन यंत्रें असलीं तरी क्रमांक एकच. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशानें ज्या सभासद देशांत पहिल्यानें ड्रोन उडवावयाचें त्या देशाच्या विमानवाहतूक खात्याकडे नोंद करावी. ती इतर सभासद देशांतहि चालते. प्रत्येक देशांत निराळी नोंद करण्याचें कारण नाहीं. स्वित्झर्लंड संघाचा सभासद नसला तरी १ जानेवारी २०२३ पासून त्यानेंहि हेच नियम स्वीकारले आहेत. मिळालेला क्रमांक यंत्रावर चिकटवावा लागतो. त्याच्या शेवटीं तीन गुप्त अक्षरें येतात, तीं मात्र यंत्रावर लिहूं नयेत.

तिसरा प्रश्न वयाचा. चालकाचें किमान वय १६ वर्षें ठरविलें आहे. तें कमी करण्याची मोकळीक प्रत्येक देशास आहे. त्याहून लहान मुलास जाणत्या व पात्र चालकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं उडवितां येतें. म्हणून आमच्या चिरंजीवांनीं निघण्यापूर्वीं महिनाभर स्वतःच्या नांवें जर्मनींत नोंद केली, यंत्राची माहितीपुस्तिका साद्यंत वाचली, व मुलाशेजारीं उभें राहण्याचें पत्करलें. यंत्रावर सर्वांत हलक्या वर्गाची म्हणजे सी-शून्य ही खूण होती, त्यामुळें परीक्षा द्यावी लागली नाहीं. याहून जड वर्गांच्या यंत्रांसाठीं चाळीस प्रश्नांची परीक्षा असून तींत शेंकडा ७५ गुण लागतात. ती घरबसल्या देतां येते, व तिचा दाखला पांच वर्षें चालतो.

उडविण्याचे सर्वसाधारण नियम सोपे आहेत. यंत्र जमिनीपासून १२० मीटरांहून वर नेऊं नये, तें सदैव डोळ्यांस दिसत राहावें, आणि जमलेल्या लोकांवरून तें कधींहि नेऊं नये. परंतु यांखेरीज प्रत्येक देश आपापले निषिद्ध प्रदेश नकाशावर जाहीर करतो, आणि खरी अडचण तेथें असते. पॅरिस शहरावर खास परवानगीवांचून ड्रोन उडवितां येत नाहीं. जर्मनींत कॅमेरा असलेलें ड्रोन राहत्या घरांवरून नेण्यास तेथें राहणाऱ्यांची संमति लागते, संरक्षित निसर्गप्रदेशांत मनाई आहे, आणि यंत्र कितीहि लहान असलें तरी त्याचा विमा उतरविणें सक्तीचें आहे. घरांतील नेहमींच्या प्रवास-विम्यांत हा विमा असतोच असें समजूं नये, विचारून घ्यावें.

एका देशाचा धडा पाठ करून दुसऱ्या देशांत परीक्षेस बसूं नये, हें सांगण्यासाठीं कांहीं उदाहरणें देतों. इंग्लंडांत १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅम व त्यावरील ड्रोन उडविणाऱ्यास परीक्षा देऊन क्रमांक घ्यावा लागतो, व तेवढ्याच वजनाच्या यंत्रावर कॅमेरा असेल तर जबाबदार मनुष्याची नोंदहि लागते. पूर्वीं तेथें परीक्षेची मर्यादा २५० ग्रॅमची होती. अर्थात् जुनी माहिती घेऊन जाणारा फसेल. जपानांत २० जून २०२२ पासून १०० ग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेंत हौसेखातर उडविणाऱ्यास २५० ग्रॅमच्या वर नोंदणी लागते, परंतु तेथील राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून लहानमोठें कोणतेंच ड्रोन चालत नाहीं. मोरोक्को देशांत परवान्यावांचून आणलेलें ड्रोन विमानतळावरच काढून घेतात. मिसर देशानें २०१७ च्या कायद्यानें संरक्षण खात्याच्या संमतीवांचून तें बाळगण्यासहि बंदी केली आहे. अशा देशांत जावयाचें असेल तर यंत्र घरींच ठेवावें. "नुसतें पिशवींत होतें, उडविलें नाहीं" ही सबब तेथें चालत नाहीं.

इतकी कडकाई कशासाठीं, असें कोणी विचारील. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्रीं लंडनजवळील गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेनें धावपट्टी बंद करावी लागली. नाताळच्या सुटीस निघालेल्या सुमारें १,४०,००० उतारूंचा खोळंबा झाला. एवढ्याशा यंत्राची नुसती शंका इतका अनर्थ करूं शकते, तर कायदा कडक असावयाचाच.

आतां प्रवासांतील दोन व्यावहारिक गोष्टी. ड्रोनच्या जादा बॅटऱ्या मोठ्या सामानांत देऊं नयेत. त्या हातांतल्या पिशवींतच न्याव्या लागतात, व त्यांचीं टोंकें झांकलेलीं असावीं. बॅटरीची शक्ति वॅट-तासांत मोजतात, आणि १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाहीं. हिशेब शाळकरी आहे. ७.३८ व्होल्ट आणि २४५३ मिली-अँपिअर-तास असें लिहिलें असेल, तर ७.३८ ला २.४५३ नें गुणावें. सुमारें १८ वॅट-तास होतात. दुसरी गोष्ट परत येतांनाची. येथून नेलेलें यंत्र येथलेंच आहे हें दाखवितां यावें, म्हणून जातांनाच आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यातीचा दाखला मागून घ्यावा, व खरेदीची पावती आणि येथील नोंदणीचे कागद बरोबर ठेवावे. धाकट्या बंधूंच्या अनुभवानंतर आमच्या घरीं हें कोणास दोनदां सांगावें लागलें नाहीं.

म्युनिचहून आम्ही एके दिवशीं केनिगझे सरोवरावर गेलों. दोहों बाजूंस उभे कडे आणि मध्यें हिरवें, निवांत पाणी. नातवाची पिशवी पाठीवरच होती, आणि त्याच्या मनांत काय चाललें होतें हें आम्हांस कळत होतें. हा सारा प्रदेश बेर्खटेसगाडेनच्या राष्ट्रीय उद्यानांत येतो, व तेथें ड्रोनला बंदी आहे. आम्ही कांहीं बोलणार इतक्यांत त्यानेंच भ्रमणध्वनीवरील नकाशा पाहिला आणि बापाला म्हणाला, "बाबा, येथें नाहीं." पिशवीचा बंद त्यानें उघडलाहि नाहीं. परततांना तो फारसा बोलला नाहीं. त्याच्या मनाला लागलें होतें, आणि तें आम्हांसहि लागलें.

पुढें तीन दिवसांनीं पुतण्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानें आपल्या कुरणावर उडविण्यास आनंदानें संमति दिली. नकाशा पाहिला, क्रमांकाची चिठ्ठी नीट चिकटलेली आहे कीं नाहीं तें पाहिलें, बाप शेजारीं उभा राहिला, आणि यंत्र वर गेलें. उडणें बारा मिनिटांचेंच झालें. त्या चित्रांत हिरव्या कुरणांतून नऊवारी नेसलेली एक ठेंगणी आकृति हात वर करून चाललेली दिसते. ज्यांनीं "पोराचें खेळणें" म्हणून निकाल दिला होता, त्याच या. आतां घरीं कोणी पाहुणा आला कीं तें चित्र त्या स्वतःच दाखवितात, आणि "सगळें रीतसर केलें होतें हो," असें आवर्जून सांगतात.