मिरी ते नाशिक: एका बिशपची कारकीर्द

वणी म्हटलं की सप्तशृंगीचा गड, चैत्रातली यात्रा आणि दिंडोरी तालुक्यातले द्राक्षमळे डोळ्यांपुढे येतात. वणीसह नाशिक जिल्हा १९२९ साली आणखी एका नकाशात आला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या वर्षी मुंबईच्या अँग्लिकन धर्मप्रांतातून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला आणि फिलिप हेन्री लॉइड त्याचे पहिले बिशप झाले. त्यांच्या कारकिर्दीत इथल्या ख्रिस्ती समाजाची वाटचाल दिसते आणि तिच्यात राहून गेलेलं कामही दिसतं.

मुंबईचा धर्मप्रांत १८३७चा आणि थॉमस कार हे त्याचे पहिले बिशप. नाशिकमध्ये मिशनचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. १८५०च्या दशकात विल्यम प्राइस या पाद्र्यांनी गावाबाहेर शरणपूर वसवलं. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथे अक्षरांबरोबर सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह घेऊन इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. आज शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. हा इतिहास त्यांच्या पायाखालचा आहे.

लॉइड यांचा जन्म १८८४चा. ईटन, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, लंडनच्या पूर्वेकडच्या हॅकनी विक या कष्टकरी वस्तीत उपपाळकाचं काम आणि मग कडस्डनच्या धर्मशिक्षण महाविद्यालयाचं उपप्राचार्यपद, असा त्यांचा प्रवास. इंग्लंडमध्ये बढतीची वाट मोकळी असताना पहिल्या महायुद्धाच्या काळात ते नगर जिल्ह्यातल्या मिरी या खेड्यात मिशनरी म्हणून आले. १८७६-७८च्या दुष्काळानंतर त्या भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली होती. हे लोक मुख्यतः महार आणि मांग समाजातले होते. गावोगावच्या मंडळ्या प्रत्यक्ष सांभाळत ते शाळामास्तर आणि उपदेशक. बिशप येई तो दृढीकरणाला आणि देखरेखीला. रोजची प्रार्थना, मुलांची अक्षरओळख, आजारी माणसाची विचारपूस ही कामं गावातच राहणाऱ्या या माणसांची. ज्याने आधी असं खेडं पाहिलं, तो पुढे नाशिकला बिशप झाला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

१९२५मध्ये ते मुंबईचे सहायक बिशप झाले आणि चार वर्षांनी नाशिकचे बिशप. लगेचच काळाने दोन घटना एकमेकींशेजारी आणून ठेवल्या. १ मार्च १९३० रोजी भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं आणि आपला कारभार आपण ठरवू लागलं. दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. ऑक्टोबर १९३५मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. सत्याग्रह आणि घोषणा, या दोन्ही वेळी नाशिकच्या धर्मप्रांताची धुरा लॉइड यांच्याकडे होती.

चर्चचं वेगळं होणं आणि काळाराम सत्याग्रह, दोन्ही घटनांच्या मुळाशी प्रश्न एकच होता: आपल्या जगण्याचा निर्णय कोणी घ्यायचा? चर्चने लंडनकडून कारभार मिळवला, पण नाशिकचं बिशपपद त्या वेळी इंग्रज माणसाकडेच होतं. व्ही. एस. अझरिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप १९१२मध्येच झाले होते, म्हणजे वाट आधीच उघडली होती. खेड्यांतही बदल अर्धाच होता: बाप्तिस्म्याने शाळेचं दार उघडलं. गावातली जात त्याने मिटली नाही. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने तर ख्रिस्ती झालेल्या दलितांना सवलतींबाहेर ठेवलं. वेशीबाहेरचं घर तसंच राहिलं आणि सरकारदरबारी त्याची नोंद मात्र बदलली. हा अन्याय आजही दूर झालेला नाही.

लॉइड १९४४मध्ये इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले, १९५०मध्ये निवृत्त झाले आणि १९५२मध्ये वारले. नाशिकमध्ये १९५७ साली आर्थर विल्यम ल्यूथर हे भारतीय बिशप त्या पदावर आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन नाशिक धर्मप्रांत इतर प्रॉटेस्टंट प्रवाहांसह त्यात सामील झाला.

बिशपांची चरित्रं बहुधा पदं आणि तारखा मोजतात. लॉइड यांच्याबाबतीत तेवढ्याने भागत नाही. मिरीला येण्याचा त्यांचा निर्णय धाडसाचा होता आणि नाशिकला स्वतंत्र धर्मप्रांत मिळणं ही या समाजासाठी मोठी गोष्ट होती. पण त्या धर्मप्रांताला खेड्यापाड्यांत आकार दिला तो मास्तरांनी आणि उपदेशकांनी. त्यांचा इतिहास बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्यांत आणि घराघरांतल्या आठवणींत विखुरला आहे. काळाराम सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा यांच्या शेजारी ठेवूनच तो लिहिला गेला पाहिजे. माणसं तीच होती, गावंही तीच होती, आणि माणूस म्हणून मान मिळवण्यासाठी दोन वाटा चालणारी ही एकाच समाजाची मुलं होती.