सवारोच्या सावलीत

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या पश्चिमेस, सोनोरा वाळवंटात, १९५२ साली एक संग्रहालय सुरू झाले. त्याचे नाव ‘अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्यूझियम’ असे असले, तरी ते काचेच्या कपाटांचे वस्तुसंग्रहालय नव्हे. प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती-उद्यान येथे एकत्र नांदतात आणि त्याचा बहुतेक भाग उघड्या आकाशाखाली आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांनी सकाळीच यावे हे बरे. दुपारी प्राणीसुद्धा सावली सोडत नाहीत.

फड्या निवडुंग काट्यांसकट खाणारा, रानडुकरासारखा दिसणारा हावेलिना येथे पाहावयास मिळतो. मराठी माणसाला त्याचे हे खाद्य ओळखीचे वाटेल. आपल्याकडील फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातीलच!

परंतु या वाळवंटाचा खरा धनी म्हणजे ‘सवारो’ हा खांबासारखा निवडुंग. त्याचे रोप एखाद्या झाडाच्या किंवा झुडपाच्या सावलीत वाढते आणि पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटीमीटर उंच होते. पहिली फांदी फुटण्यास पन्नास ते पंचाहत्तर वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पूर्ण वाढलेला सवारो बारा मीटरपेक्षाही उंच होतो. सुतार पक्षी त्याच्या खोडात घर कोरतो. जखमेभोवती टणक कवच तयार होते, त्यामुळे आतील पाणी वाया जात नाही. सुतार पक्षी निघून गेला, की त्या ढोलीत चिमणीएवढे लहान असे घुबड राहावयास येते. सवारोची फुले रात्री उमलतात. त्यांतील मध पिण्यास वटवाघळे येतात, तर दिवसा मधमाश्या आणि पारवे. एका निवडुंगावर किती संसार चालतात! म्हणूनच येथे प्राणी आणि वनस्पती वेगवेगळे दाखविलेले नाहीत.

या संसारावर आता संकट आले आहे, ते एका गवताचे. राजस्थानात जनावरांचा उत्तम चारा म्हणून पेरले जाणारे अंजन गवत तिकडेही चाऱ्यासाठीच नेण्यात आले आणि रानोमाळ पसरले. सोनोरातील झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असे. त्यामुळे वणवा फार पसरत नसे. ती जमीन या गवताने भरून टाकली. वाळलेले गवत पेटते आणि शंभर वर्षांचा सवारो त्यात होरपळून मरतो, कारण आगीला तोंड देण्याची सवय त्याला नाही. संग्रहालयाच्या पुढाकाराने स्वयंसेवक डोंगरउतारांवर जाऊन हे गवत मुळासकट उपटतात. त्याचे बी मातीत काही वर्षे जिवंत राहते. त्यामुळे त्यांना त्याच उतारांवर पुन्हा पुन्हा जावे लागते.