जुन्या पेजमेकरसाठी संगणकात संगणक

चिखली तालुक्यातलं अमडापूर घ्या किंवा आसपासचं कुठलंही बाजाराचं गाव. तिथल्या जुन्या डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हँडबिलांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली पेजमेकरमध्ये पडून असतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 साली आली. मजकूर असतो श्री-लिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन दिसतो.

अशा फाइलींसाठी जुना विंडोज एक्सपीचा संगणक जपत बसण्यापेक्षा सध्याच्या संगणकातच एक्सपी चालवता येतं. त्याचे दोन मार्ग. एमुलेशनमध्ये संपूर्ण यंत्राचीच, प्रोसेसरसकट, सॉफ्टवेअरने नक्कल केली जाते. क्यूईएमयू हे तसं साधन, पण जुन्या संगणकावर फार संथ. व्हर्च्युअलायझेशनमध्ये खरा प्रोसेसरच वाटून दिला जातो. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन हेच करतं. आपल्या कामाला हेच बरं.

आधी टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ समोर ‘एनेबल्ड’ दिसतं का पाहा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स 6.1 पासून प्रोसेसरची ही सोय लागतेच. आपल्या संगणकावरचं विंडोज 32 बिटचं असेल तर 5.2 ही आवृत्ती घ्या, 6.0 पासून 32 बिटचा आधार काढून टाकलेला आहे.

आता व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं यंत्र, म्हणजे आतला संगणक, तयार करताना ‘विंडोज एक्सपी’ निवडा. रॅम देताना हात आखडता ठेवा. भाडेकरूला सगळ्या खोल्या दिल्या तर घरमालक राहणार कुठे? चार जीबीच्या संगणकावर एक्सपीला 512 एमबी पुरे, फार तर एक जीबी. डिस्क दहा-वीस जीबीची.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. डिस्क साटा प्रकारची ठेवली तर एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर नसतो आणि इन्स्टॉल होताना निळा पडदा येतो. म्हणून स्टोरेजमध्ये आयडीई निवडा. सीडी आपली स्वतःची, कीसकट. जुन्या सीडीवर चरे पडायच्या आत तिची आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, करून ठेवलेली बरी. नेटवरून तयार एक्सपी उतरवणं म्हणजे व्हायरस विकत घेणं.

एक्सपी बसल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनसाठी 30 दिवस मिळतात. यंत्राची रचना नंतर फार बदलली तर ते पुन्हा मागितलं जातं, म्हणून रॅम आणि डिस्क आधीच ठरवून टाका. त्यानंतर ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ बसवा; त्यामुळे माउस नीट चालतो आणि दोन्हीकडून दिसणारा सामाईक फोल्डर करता येतो. नेटवर्क मात्र बंदच ठेवा. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल 2014 मध्ये थांबली आहे.

मग पेजमेकर आणि मराठी सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे कुलपासारखा छोटा पिन, असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘डिव्हायसेस’ मेनूतून तो आतल्या यंत्राला जोडून द्यावा लागतो. यूएसबी 3 एक्सपीला कळत नाही. सेटिंगमध्ये यूएसबीची जुनी पद्धतच निवडा. प्रिंटर पोर्टला लागणारा जुना डोंगल असेल तर हा मार्ग बहुधा बंदच समजा.

छपाईसाठी आतून प्रिंटर जोडत बसू नका. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढा, सोबत आलेल्या डिस्टिलरने पीडीएफ करा आणि फॉन्ट त्यातच सामावून घेण्याची खूण केलेली आहे ना, हे तपासा. ती राहिली की प्रेसमध्ये अक्षरं फुटतात आणि नवरदेवाच्या घरून फोन येतात.

वीज गेली की आतलं यंत्र मध्येच मरतं आणि त्याची डिस्क बिघडू शकते. सगळं नीट चालू लागलं की एक्सपी बंद करून यंत्राचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

नवी पत्रिका मात्र पेजमेकरमध्ये सुरू करू नका. हे एक्सपी जुन्या फाइली उघडण्यापुरतं. त्यातला कामाचा मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणा आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.