मोटारगाडीच्या प्रवेगातील अडखळ

ॲक्सिलरेटर दाबल्यावर एंजिनाची शक्ती तत्काळ न वाढता क्षणभर थबकते, क्वचित घटतेही, व नंतर गाडी हिसका देऊन पुढे जाते. या दोषास प्रवेगातील अडखळ म्हणतात. ‘गाडी पिकअप घेत नाही’ किंवा ‘मिसिंग करते’ अशा शब्दांत कारागीर त्याचा उल्लेख करतात. ही अडखळ एखाद्या सेकंदाची असली, तरी दुपदरी रस्त्यावर पुढील वाहनाला मागे टाकताना किंवा महामार्ग ओलांडताना ती जिवावर बेतू शकते. ताशी ८० किमी. वेगाने समोरून येणारे वाहन एका सेकंदात सु. २२ मी. अंतर कापते. चालकाने केलेला अंतराचा अंदाज मात्र एंजिनाचा प्रतिसाद लगेच मिळेल, हे गृहीत धरूनच केलेला असतो.

तत्त्व : पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सु. १४.७ भाग हवा लागते. महत्तम शक्तीसाठी मिश्रण याहून काहीसे समृद्ध, म्हणजे सु. १२.५ ते १३ भाग हवेचे, असावे लागते. थ्रॉटल झडप एकदम उघडली म्हणजे हलकी हवा त्वरित आत शिरते. जड द्रवरूप पेट्रोल मागे रेंगाळते. शिवाय अंतर्ग्रहण नळातील दाब वाढल्याने पेट्रोलाचे बाष्पीभवन मंदावते व त्याचा काही भाग नळाच्या भिंतींवर पातळ थराच्या रूपात साचतो. त्यामुळे शक्तीची गरज असते नेमक्या त्याच क्षणी मिश्रण विरल होते. ही उणीव भरून काढण्यासाठी जादा इंधन पुरविण्याची योजना प्रत्येक पेट्रोल एंजिनात करावी लागते. त्याच वेळी सिलिंडरातील वायूचा दाब वाढल्याने ठिणगी पडण्यास अधिक विद्युत् दाब आवश्यक होतो. म्हणून गाडी उभी असताना निर्दोष वाटणारी प्रज्वलन यंत्रणा भार पडताच उघडी पडते.

कार्ब्युरेटरयुक्त एंजिने : बहुतेक कार्ब्युरेटरांत जादा इंधनासाठी प्रवेगक पंप असतो. त्याचा पडदा फाटल्यास किंवा तोटी कचऱ्याने बुजल्यास अडखळ निर्माण होते. याची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद व थंड असताना हवेची गाळणी काढून थ्रॉटल हाताने उघडावा. पेट्रोलाची सलग धार लगेच दिसली पाहिजे. २०१४ पर्यंत उत्पादनात असलेल्या अँबॅसडर गाडीच्या बऱ्याच एंजिनांवर एस. यू. जातीचा कार्ब्युरेटर असे. त्यात असा पंप नसून वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची गती तेलाच्या साहाय्याने मंद केलेली असते. हे तेल कमी झाल्यास दट्ट्या फार झपाट्याने उचलला जातो व मिश्रण विरल होते. अशा वेळी थोडे तेल भरताच दोष नाहीसा होतो. वितरकाच्या निर्वात नळीला पडलेली चीर व झिजलेले कॉन्टॅक्ट पॉइंट हीदेखील नेहमीची कारणे होत.

इंधन-अंतःक्षेपणयुक्त एंजिने : यांत थ्रॉटलाची स्थिती, नळातील दाब वा हवेचा प्रवाह आणि निष्कास वायूतील ऑक्सिजन यांची नोंद संवेदक घेतात व त्यावरून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक इंधनाचे प्रमाण ठरवितो. थ्रॉटल-स्थितीच्या संवेदकाचा रोधपट्टा एका जागी झिजला, तर थ्रॉटल सावकाश उघडत असताना त्याचा विद्युत् दाब एकसारखा न वाढता मध्येच कोसळतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी गाडी अडखळते. बऱ्याच अशा संवेदकांत हा दाब सु. ०.५ ते ४.५ व्होल्ट यांदरम्यान असतो. हवाप्रवाह-संवेदकावर धूळ बसणे, अंतःक्षेपक अंशतः बुजणे, इंधनाची गाळणी तुंबल्याने भाराखाली दाब घसरणे आणि प्रज्वलन वेटोळे दुबळे होणे ही अन्य कारणे आहेत.

निदानाचा क्रम : एकामागून एक भाग बदलत जाणे खर्चिक व पुष्कळदा निष्फळ ठरते. प्रथम दोष केव्हा जाणवतो ते पाहावे. एंजिन थंड असतानाच अडखळत असेल, तर तापमान-संवेदक किंवा चोक यांकडे संशय जातो. सुरुवातीच्या क्षणीच थबकत असेल, तर प्रवेगक पंप किंवा थ्रॉटल-संवेदक तपासावा. चढावर व जास्त वेगात शक्ती टिकत नसेल, तर इंधनाचा पुरवठा अथवा निष्कासातील तुंबलेला उत्प्रेरकी परिवर्तक तपासावा. एंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, असे असल्यास दोष क्लचचा असतो. यानंतर हवेची गाळणी, रबरी नळ्या, स्पार्क प्लग, नियंत्रकातील दोषसंकेत, इंधनाचा दाब आणि शेवटी संवेदक अशा क्रमाने जावे. दोषसंकेत मिळाला नाही म्हणजे संवेदक निर्दोष आहे, असे मानता येत नाही. तसेच संकेताने दर्शविलेला भागच बिघडलेला असतो, असेही नाही; हवेची गळती हे त्यामागील मूळ कारण असू शकते.

इंधनाचा प्रभाव : भारतात २०२५ मध्ये पेट्रोलातील इथेनॉलाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलाच्या ज्वलनास वजनाने सु. ९ पट हवाच पुरते. त्यामुळे जुन्या तोट्यांच्या कार्ब्युरेटरात अशा इंधनाचे मिश्रण विरल होते. इथेनॉल पाणी शोषून घेते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर वेगळा होऊन अडखळ उद्भवू शकते.

दक्षता : हवेची गळती शोधण्यासाठी तापलेल्या एंजिनावर पेट्रोल शिंपडू नये, आग लागण्याचा धोका असतो. कार्ब्युरेटर उघडा असता त्यावर वाकून एंजिन चालू करू नये, कारण उलट ज्वाला बाहेर येऊ शकते. अंतःक्षेपण-यंत्रणेतील इंधन एंजिन थांबल्यावरही दाबाखाली असते. नळी सोडण्यापूर्वी तो दाब उतरवावा लागतो. दोष दूर होईपर्यंत पुढील वाहन ओलांडणे टाळणे, हेच चालकाच्या हिताचे असते.